तिघांचा रविवार

५ जानेवारी २०२५, रविवार. अमरावती

आलो एकदाचे. अकोला ते अमरावती म्हणजे काही परदेश नाही, दोन तासांचा रस्ता. पण नागसेनची तयारी अशी की बघणाऱ्याला वाटावं हे दोघं हिमालयात निघाले. दोन थर्मास, चार चादरी आणि स्वतःची चहाची गाळणी. ती गाळणी मी सकाळी पिशवीतून काढून ठेवली होती, त्याने गुपचूप परत घातली. शेवटी तीच कामी आली, कारण या भाड्याच्या खोलीत बादलीशिवाय काही नाही.

उद्या पाटबंधारेच्या इथल्या कचेरीत रुजू व्हायचं. आवक-जावकचं टेबल इथेही माझ्याच नशिबी आहे असं कळलं. आलेल्या कागदावर तारीख टाका, गेलेल्या कागदावर तारीख टाका. वीस वर्षं हेच केल्यामुळे तारीख टाकल्याशिवाय काही घडलं असं मला वाटत नाही, म्हणून ही वही. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिते, बोलताना अकोल्याचं बोलते, आणि भांडताना माझ्या आईचं, म्हणजे अंजनगाव सुर्जीचं, जिथे बायकाही 'मी करतो' म्हणतात. नवऱ्याला समोर 'अहो' म्हणते. वहीत तो नागसेन.

बदली मी मागून घेतली. का, ते एकदाच लिहिते. आमची प्रणाली. बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सप्टेंबर २०२२ मध्ये डेंग्यू झाला आणि सहा दिवसांत गेली. वीस वर्षांची होती, एकुलती एक. त्यानंतर अकोल्याच्या घरात मला प्रत्येक कोपऱ्याशी भांडावं लागायचं. नागसेन शाळेत विज्ञान शिकवायचा, त्याने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आणि तो बोलायला लागला. बावीस वर्षं मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस भाजी निवडता निवडता बोलायला लागला. मी रडले तर शेजारी बसून बोलतो, नाही रडले तरी बोलतो. पोरगी गेली आणि नवरा भेटला. हे वाक्य कोणापुढे म्हणायची सोय नाही, म्हणून इथे लिहिलं.

संध्याकाळी राजकमल चौकापर्यंत चालत गेलो, गिलावडा खाल्ला. नागसेन म्हणाला, इथे आपण एक लहानसं घर घेऊ, आपलं स्वतःचं, आणि दोघं नीट राहू. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार

कचेरीतून सुटल्यावर रोज घरं पाहतो. आजपर्यंत चार पाहिली. पहिल्या घरमालकाने आडनाव विचारलं. शिरसाट म्हटल्याबरोबर त्याला आठवलं की घर पुतण्याला द्यायचं ठरून राहिलं आहे. दुसऱ्याने आडनाव नाही विचारलं, गाव विचारलं, मग गावातलं घर कोणत्या बाजूला ते विचारलं. मी म्हटलं, बुद्धविहारापासून किती घरं ते सरळ विचारा ना, तुमचाही वेळ वाचेल. नागसेनने मागून पदर ओढला. तिसऱ्या घरी चहा झाला, घरातल्या बाईने फार आपुलकीने चौकशी केली, आणि बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत दलालाचा फोन आला, जमणार नाही म्हणून. चौथं घर आम्हालाच नको होतं, ते मात्र द्यायला एका पायावर तयार होते.

नागसेन म्हणतो राग धरू नको. मी राग धरत नाही. तो आपणहून येऊन बसतो.

कचेरीतल्या एकाने खुशालरावांचं नाव दिलं. हे गृहस्थ फक्त घर घेणाऱ्याचं काम धरतात म्हणे, विकणाऱ्याचं घेतच नाहीत.

१२ जानेवारी, रविवार

खुशालराव खोलीवर आले. साठीचे असतील, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पुठ्ठ्याची लांब वही. दारातच जयभीम घातला, तेव्हाच माझा अर्धा राग उतरला. म्हणाले, बाकीचे दलाल इकणाऱ्याचे असतात अन् घेणाऱ्याशी गोड बोलतात. मी घेणाऱ्याचाच माणूस आहो, ताई. आडनावाचं मी आधीच बोलून घेतो, तुमाले कोणाच्या दारातून परत या लागणार नाही.

किती खोल्या, तोंड कुठल्या दिशेला, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांची रीत वेगळी. म्हणाले, मले तुमचा सुटीचा एक दिवस सांगा, सकायपासून संध्याकाळपर्यंत. सुटीच्या दिवशीच माणूस घरात राह्यते, बाकी दिवस तर नुसतं येते अन् जाते. कोण कुठं बसते, कोण काय करते, सगळं सांगा, त्या मापाचं घर मी पाहून देतो. त्यांचे वडील हेच करत आणि असंच लिहून घेत.

तर मी सांगायला बसले. सकाळी सातला, मी म्हटलं, प्रणालीचं डोकं धुणं असतं. असतं म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मागे घ्यायला हवं होतं, नाही घेता आलं, आणि मग मी वाहवतच गेले. शिकेकाईने धुतलेले कमरेपर्यंतचे केस, ते ती गच्चीवर पाठमोरी उभी राहून वाळवते. तिचा चहा बिनआल्याचा. मग दाराकडे पाठ करून टेबलाशी अभ्यासाला बसते, दार अर्धं लोटलेलं पाहिजे, पूर्ण लावलं तर चिडते. डाव्या पायात एकच पैंजण, दुसरं कॉलेजात हरवलं. नवऱ्याबद्दल सांगताना जरा चेव आला. हे व्हरांड्यात पेपर घेऊन बसतात, म्हटलं, आणि दिवसभरात यांचं बोलणं म्हणजे तीन वाक्यं. चहा आण, पेपर कुठे आहे आणि पडतो जरा. दुपारी पाटवडीचा रस्सा. चार वाजता मी पोरीच्या डोक्याला तेल लावते. मग तिघं अंगणात बसतो. स्वतःबद्दल काय सांगणार. मी सगळ्यांच्या मागेपुढे.

नागसेनने मला एकदाही थांबवलं नाही. खुशालरावांनी लिहून घेतलं आणि विचारलं, म्हंजे तीन माणसं. मी बशी पुसत बसले. त्यांनी परत विचारलं. नागसेन कपाकडे पाहत म्हणाला, तीन.

आयुष्यात खोटी हजेरी न मांडलेला माणूस. ते गेल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग नागसेन म्हणाला, उद्या फोन करून सांगतो दोन म्हणून. मी म्हटलं सांगा.

१८ जानेवारी, शनिवार

फोन कोणी केला नाही.

घर सापडलं. वलगाव रस्त्याच्या आतल्या बाजूला शांत कॉलनी आहे, तीस वर्षांपूर्वीचं बैठं घर, वर गच्ची, पुढे व्हरांडा, लोखंडी फाटक. मालक पुण्याला असतात. मधल्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, खिडकीखाली टेबल मावेल एवढीच भिंत. मी ती जागा पाहिली आणि दुसरीकडे पाहू लागले.

खुशालरावांनी वही उघडली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे खोलीखोलीत जाऊन आमचा दिवस मोठ्याने वाचला, माप जुळतं का ते पाहायला. इथं सर पेपर वाचतात. इथं पोरीच्या चहाचा कप. इथं पोरगी दाराकडं पाठ करून बसते. चार वाजता इथं माय तिले तेल लावते. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. प्रत्येक वाक्यानंतर ते आमच्याकडे पाहत आणि आम्ही मान हलवत. दोन वर्षांत तिच्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. लोक आवाज उतरवून बोलतात, किंवा बोलतच नाहीत. हा माणूस तिला घरात जागा काढून देत होता. मला त्याला थांबवायचं नव्हतं, आणि नागसेनलाही नव्हतं, हे मला त्याच्या हातावरून कळलं. माझा हात त्याने घट्ट धरून ठेवला होता.

इसाराची रक्कम देण्याआधी आठ दिवस राहून पाहायचं ही त्यांची अट. नवी चप्पल जशी घरातल्या घरात घालून पाहतो, तसं घर अंगावर घालून पाहा म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

सामान आलं. बुद्धमूर्ती ठेवली, मेणबत्ती लावली, वंदना घेतली. वास्तुशांत वगैरे आपल्याकडे नाही. नागसेन म्हणाला, खुशालरावांनी वाचलं तोच आपला गृहप्रवेश.

समोरच्या शकुनबाई तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आल्या. एकट्या राहतात, निवृत्त नर्स. आडनाव विचारलं नाही, शेंगा मिठात उकडा एवढंच म्हणाल्या. मला हे घर हवं आहे. फार दिवसांनी काहीतरी हवं आहे.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी सातला न्हाणीघरात पाणी ओतल्याचा आवाज आला. नागसेन माझ्या शेजारी जागा होता. आम्ही दोघांनी तो आवाज ऐकला आणि दोघंही छताकडे पाहत राहिलो. मग तो म्हणाला, नळात हवा अडकते, जुनी पाइपलाइन आहे.

गच्चीच्या जिन्यावर पाण्याचे थेंब होते. मधल्या खोलीचं दार दोनदा लावलं, दोनदा अर्धं उघडलेलं दिसलं. लाकूड हिवाळ्यात आकसतं. नागसेनने नाही सांगितलं हे, मीच मला सांगितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी चहा टाकताना हात आपोआप चालला आणि तीन कप झाले, एक आल्याशिवायचा. लक्षात आल्यावर तो मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिला, ओतवला नाही. कचेरीत जायच्या आधी पाहिलं तर कप रिकामा. वाटलं नागसेनने घेतला. संध्याकाळी त्याने मला विचारलं, तू तो चहा प्यालीस का.

फाटकाशी शकुनबाई भेटल्या. म्हणाल्या, तुमची पोरगी लय शांत आहे जी, सकायी गच्चीवर केस वाळवून राह्यली होती, मी हाक मारली तर वळली नाही. माझ्या हातातली पिशवी जड झाली. मी म्हटलं, हो, परीक्षा आहे तिची.

असं म्हणताना मला सुख झालं. लाज नाही वाटत लिहायला.

२२ जानेवारी, बुधवार

शुक्रवारपर्यंत रजा टाकली. दिवसभर मधल्या खोलीकडे गेले नाही, भीतीने नाही, नजर लागेल म्हणून. रस्सा केला, तीन ताटं वाढली. चार वाजता तेलाची वाटी कोमट करून पलंगावर बसले आणि डोळे मिटले.

ती येऊन माझ्या पायाशी बसली. पैंजण वाजलं, गुडघ्यांना पाठ टेकली. केस ओलसर, जड, थंड. मी डोळे उघडले. प्रणालीची पाठ, मानेवरचा तीळ, माझी पोरगी. मी तेल लावलं. किती वेळ लावलं माहीत नाही. दोन वर्षं चार महिने माझे हे हात नुसते पडून होते.

वर पाहिलं तर नागसेन दारात. तीस वर्षं पोरांना सांगत आला की जे मोजता येत नाही ते मानू नका. तो चौकटीला धरून उभा होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. तो म्हणाला, माधवी, काही बोलू नको, चालू दे.

चालू दे. घर घ्यायचं. उद्याच खुशालरावांना कळवते.

२३ जानेवारी, गुरुवार

सातला पाणी. गच्ची. चहा. टेबल. सगळं कालसारखं, अगदी कालसारखं. मी तिला म्हटलं, बाळा, आज थंडी आहे, नको धुऊ केस. तिने ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे चिडली असती, खांदे उडवले असते, तसं नाही. ऐकूच गेलं नाही.

नागसेन सकाळपासून व्हरांड्यात पेपर घेऊन बसला होता. काल जे पाहिलं त्यावर त्याच्याशी बोलायचं होतं, म्हणून स्टूल घेऊन शेजारी बसले. विचारलं, तिला दुखत असेल का हो. तो म्हणाला, चहा आण. मी चहा आणला, परत विचारलं. म्हणाला, पेपर कुठे आहे. पेपर त्याच्या हातात होता.

२४ जानेवारी, शुक्रवार

तीनच वाक्यं. दिवसभर ती तीनच. मी जेवणात मुद्दाम मीठ जास्त टाकलं, जेवला. त्याच्यासमोर रडले, जोरात रडले. पूर्वी त्याने उठून माझ्या पाठीवर हात ठेवला असता आणि काहीबाही बोलत बसला असता, गुरुत्वाकर्षणावरसुद्धा. आज म्हणाला, पडतो जरा. डोळे मात्र माझ्याकडे लावलेले. आत कुठेतरी आहे तो. तो आत आहे आणि बोलता येत नाही.

मी सांगितलेलाच नागसेन आहे हा. मी हसत हसत सांगितलेला, पोरगी जिवंत असतानाचा. नंतरचा नागसेन, माझा, तो मी सांगितलाच नव्हता. स्वतःबद्दल तर तेल लावण्यापलीकडे काही सांगितलं नाही, म्हणून मी तेवढी मोकळी उरले.

चार वाजता तेल लावायला बसले. म्हटलं, प्रणाली, एकदा इकडं पाह्य. नाही वळली. हनुवटी धरायला हात पुढे नेला.

पुढेही केसच. कपाळ असायला पाहिजे तिथे केस, गाल तिथे केस. धुतलेले, ओले, शिकेकाईच्या वासाचे. माझी बोटं फिरत राहिली आणि कुठेच काही लागलं नाही. ती मात्र शांत बसून होती.

केस सांगितले. पाठ सांगितली. पैंजण, चहा, दार. तोंड सांगायचं राहून गेलं. आईला कशाला सांगावं लागेल तोंड.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी फाटकाबाहेर जाऊन खुशालरावांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, ताई, मी दोनदा इचारलं होतं, सर म्हणाले तीन. मले वाटलं पोरगी होस्टेलात असन, सुटीले येत असन. मी म्हटलं, ती गेली, दोन वर्षं झाली. मग ते हळू बोलले. वडिलांनी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, गेलेल्या माणसाचा दिवस घरात वाचायचा नाही. वाचला तर घर त्याले ठेवून घेते, अन् बाकीच्यायलेही जसं वाचलं तसंच ठेवते.

म्हणाले, उद्या आठवा दिवस. उद्या चारच्या आत सरांना फाटकाबाहेर काढा, मी गाडी घेऊन येतो. चारनंतर माह्या हातात काही नाही.

मी विचारलं, आणि तिचं काय. म्हणाले, ते आता घराचं झालं, ताई. तिचं सगळंच घराकडं राहीन. मागं काही राहत नाही.

त्यांच्यावर ओरडले. मग सॉरी म्हटलं. त्यांचा काय दोष, तीन आम्ही म्हटलं.

संध्याकाळी तिघं अंगणात बसलो. एका बाजूला बोलू न शकणारा नवरा, दुसऱ्या बाजूला केसांची — नाही, असं नाही लिहिणार. दुसऱ्या बाजूला माझी पोरगी. एकाला बाहेर काढायचं म्हणजे दुसरीला इथे एकटी टाकून जायचं. रोज सातला उठेल, केस धुईल, चहाला कप नसेल, चार वाजता येऊन बसेल आणि पलंगावर कोणी नसेल. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी चहा प्यायला खाली गेले होते. दहा मिनिटं. तेवढ्यात गेली. आता परत मीच उठून जायचं.

२६ जानेवारी, रविवार

सकाळ. शाळेकडून झेंडावंदनाची गाणी ऐकू येतात. सातला पाणी. चहा दिला. तिच्या पाठीला टेकून बसले थोडा वेळ. बोलले. तुले सोडून नाही चालली, म्हटलं, बाबाले सोडायला चालली. खोटं बोलले. पोरीशी खोटं बोलले.

नागसेन आज पेपरही धरत नाही, नुसते हात धरल्यासारखे. चहा आण, तेही अर्धंच. चहा.

मले काही सुचून नाही राह्यलं.

एक जिवंत आहे. जिवंत माणसाले आधी धरा लागते. दवाखान्यात नर्सच म्हणाली होती, तुमी जेवा, सरांकडे पाहा. तेव्हा समजलं नव्हतं. आता समजते, पण —

दुपार, सव्वातीन

काढलं बाहेर. हाताला धरून, पावलापावलाने. फाटकाशी तो अडला. माझ्या अंगात कुठून बळ आलं माहीत नाही, ढकलला. पलीकडे खुशालरावांनी धरला. गाडीत बसवला. पाणी पाजलं.

बोलला. माधवी म्हणाला. माधवी, उन्हात काय उभी, चल ना. त्याचाच आवाज, माझ्या नागसेनचा. मी फाटकाच्या आतूनच रडायला लागले. दाराला कुलूप लावायचं राहिलं होतं म्हणून मी आतच आहे अजून.

तो म्हणाला, नसेल आवडलं घर तर जाऊ दे. दोन माणसांना एवढं मोठं घर कशाला.

मी म्हटलं, अहो, प्रणाली.

तो म्हणाला, कोण?

मी परत नाव घेतलं. त्याने खुशालरावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, काळजीने. थट्टा नाही. म्हणाला, तुझ्या कचेरीतली का कोणी.

तिचं सगळंच घराकडं राहीन. असं म्हणाले होते ते. खुशालराव मान खाली घालून उभे आहेत. ते मले या म्हणतात, पण माह्या डोळ्यात पाहत नाहीत.

म्हणजे या फाटकाच्या पलीकडे मी गेली का मलेही ती —

तीन वीस

रडते आहे. आतून आवाज येते. रडणं मी सांगितलं नव्हतं. वहीत कुठेच नव्हतं रडणं. तिले तोंड नाही अन् ती रडून राह्यली.

ती खरीच आहे. पूर्ण दिवस ऐकत होती काय माही बाई. पाठीले टेकून मी खोटं बोलले तेही ऐकलं असन.

फाटकाच्या आत पायरीवर बसून लिहितो आहे. नागसेन हाका मारते. जिवंत आहे तो, त्याले खुशालराव पाहतील. नाही. मी जाईन त्याच्याकडं, जाईनच, तो एकटा कसा — फक्त हे लिहून घेतो आधी. लिहिलेलं असलं तर पलीकडं जाऊन वाचता तरी येईन, ही पोरगी कोण म्हणून. अन् तिलेही मोठ्यानं वाचून दाखवतो. तोंड भेटलं तर रडता तरी येईन नीट.

प्रणाली नागसेन शिरसाट. जन्म अकोला. रंग माह्यासारखा सावळा. कपाळ लहान. उजव्या भुवईत बारीक खंड, तीन वर्षांची असताना ओट्यावरून पडली. नाक बापाचं, रुंद. त्यावरून भांडायची बापाशी. वरचा ओठ पातळ. हसली का खालचा ओठ दाताखाली धरे. समोरचे दोन दात जराशे एकमेकावर. हनुवटी माह्या आईची. डाव्या गालाले

हाक मारून राह्यला. माधवी. माधवी, चार वाजत आले. आलीच हो. एक मिनिट.

डोळे. डोळे बापावर नाही गेले. माह्यावरही नाही. रागावली का आधी डोळे — ते लहान नव्हते — तिचे डोळे, मी शेवटी मिटवले ना या हातानं, मग मले माहीत पाह्यजे — तिचे डोळे